मामा तलावाची भाची

६ नोव्हेंबर २०२२, रविवार

पहिली सहल आटोपली. चौदा माणसं नेली, चौदा परत आणली. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टरी केली, तेव्हा उभं राहून गुडघा कधी दुखला नाही. आज आंबागडाच्या चढावर मात्र तो असा बोलायला लागला की किल्ल्याची अर्धी माहिती मी दगडावर बसून दिली. लोकांना वाटलं, ही माझी पद्धत असेल.

कल्पना मोतीलालची. त्याचं साड्यांचं दुकान आहे, घराणं जुनं कोष्ट्यांचं, पण डोकं दुकानात राहत नाही. त्याचं म्हणणं असं, की गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा नवेगावचं जंगल तिकडे गेलं, आणि तेव्हापासून लोक भंडाऱ्यावरून नुसते पुढे जातात. आपल्याकडे काय उरलं ते त्यांना दाखवायचं. गाडी त्याची, बोलणं माझं. मी हो म्हटलं, कारण निवृत्तीनंतर चार महिने घरात बसून करुणाला माझा कंटाळा आला होता. बायको तोंडाने म्हणत नाही, पण ज्या खोलीत मी बसतो तीच खोली तिला झाडायची असते.

सकाळी आंबागड, दुपारी सिहोऱ्याच्या पुढे आमटोल्याला मालगुजाराची, म्हणजे जुन्या जमीनदाराची, कोठी आणि तिच्या मागची अमराई, शेवटी तलाव. कोठीत आता सोसायटीचं धान ठेवतात, त्यामुळे पाहण्यासारखे दोन खांब आणि पोती. अमराई छान आहे. तलावावर मी नीट सगळं सांगितलं. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, सरकारी कागदात आखूड केलेलं नाव. पाळ म्हणजे बांध, तो कुठे घालायचा हे कोहळी लोकांना कळायचं, त्यांनी हे तलाव बांधले. बहात्तरच्या दुष्काळात पाळीच्या दुरुस्तीचं काम निघालं तेव्हा माझ्या मायने, धुरपताबाईने, इथे टोपल्यांनी माती वाहिली, हेही सांगितलं. सांगताना आवाज थोडा जड झाला. मागून एका गृहस्थांनी विचारलं, बाथरूम कुठे आहे.

१३ नोव्हेंबर, रविवार

नऊ जण. त्यातले दोघे गाडीतून उतरलेच नाहीत. परतताना मोतीलाल हळूच म्हणाला, “भाऊ, तुमी अहवाल वाचून राह्यले. लोकायले गोष्ट पायजे.” मी म्हटलं, मला गोष्टी येत नाहीत, मला थांबे येतात. तो हसला, पण त्याचं तोंड उतरलेलं होतं.

२० नोव्हेंबर

तीनच नावं आली. सहल रद्द. दिवसभर झोपलो तरी थकवा तसाच. करुणाने तीन खोल्या झाडल्या.

४ डिसेंबर, रविवार

आज एक गोष्ट झाली, ती लिहून ठेवतो. फार मोठी नाही.

नागपूरचा निवृत्त बँकवाल्यांचा ग्रुप होता, बारा जण. गडावर दोन तास गेले. गडावरच्या विहिरीचं विषारी पाणी कैद्यांना पाजत असं म्हणतात. तेवढं ऐकून सगळे खूष. तलावावर पोचलो तेव्हा मला उभं राहवत नव्हतं. पाळीवरच्या एका मोठ्या दगडाला टेकलो. एका बाईंनी विचारलं, “मामा तलाव? कोणाचा मामा हो?”

माजी मालगुजारी म्हणायला तोंड उघडलं आणि कंटाळा आला. खरंच, नुसता कंटाळा. तोंडात आलं ते बोलून गेलो. म्हटलं, फार जुनी गोष्ट आहे. एक पोरकी भाची होती, मामाने वाढवलेली. तिला या गावात दिली. वर्षाने मामा भेटायला आला, चालत. वाटेत त्याला एक बाई डोक्यावर हंडा घेऊन जाताना दिसली. तीन कोसांवरून पाणी आणत होती, पाय भेगाळलेले. जवळ गेला तर ती भाची. मामाने हंडा तिच्या डोक्यावरून उतरवून घेतला आणि म्हणाला, आता तू पाण्याकडे जायचं नाही, पाणी तुझ्याकडे येईल. मग तो परत गेलाच नाही. हा तलाव खणला.

विचारणाऱ्या बाईंनी डोळे पुसले. एक साहेब म्हणाले, पुन्हा एकदा सांगता का, मोबाइलवर घेतो. मी पुन्हा सांगितली. दुसऱ्या वेळी हंडा तांब्याचा झाला.

गाडीतून उतरताना मोतीलालने फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवला.

११ डिसेंबर

तो व्हिडिओ कुठे कुठे फिरला कोण जाणे. आज दोन गाड्या न्याव्या लागल्या. आंबागडावर लोक घड्याळ पाहत होते. कोठी पाच मिनिटांत. सगळ्यांना मामाच्या तलावावर जायचं होतं. तीनदा सांगितली. घसा बसला.

एका मुलीने भाचीचं नाव विचारलं. म्हटलं, नाव कोणाला माहीत नाही. नाव तरी खोटं ठेवायचं नाही, एवढं मी ठरवलं आहे.

२८ डिसेंबर, बुधवार

आज माझ्या मामाचा स्मृतिदिन. त्याच्या गावी, अड्याळला जाऊन आलो. विहारात वंदना झाली, मामेभावाकडे जेवलो. मामाची आठवण निघाली की मला एकच दिसतं: दुष्काळाचं साल, मी आठ वर्षांचा, बाप त्याआधीच गेलेला. मामा अड्याळहून पायी आला होता. माय नाल्यावरून पाणी घेऊन येताना त्याला वाटेतच भेटली. तो काही बोलला नाही, तिची घागर घेतली, घरी आला, आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरामागची आटलेली विहीर खोल करायला लागला. पूर्ण उन्हाळा राहिला. पाणी लागलं तेव्हा मायने त्याचे पाय धुतले होते.

परत आल्यावर करुणाला हे सांगितलं. तिने झाडू खाली ठेवला. म्हणाली, “आन् तुमी म्हन्ता का तुमाले गोष्ट सांगता येत नाई.” ही काय गोष्ट आहे, हे तर घडलेलं आहे, असं म्हटलं तर ती उठून गेली. बायकांचं कळत नाही.

८ जानेवारी २०२३, रविवार

मी ज्या दगडाला टेकतो त्याला आज कुंकू लावलेलं होतं. आमटोल्याच्या मनकर्णाबाई तिथे बसल्या होत्या. ऐंशीच्या आसपास वय, गावातल्या सगळ्यांत जुन्या. मला म्हणाल्या, बसू नका बापा त्यावर, भाचीचा दगड आहे तो. मी उभा राहिलो. पाऊण तास उभा राहून सांगितली.

गुडघा रात्रभर ठणकणार आता. खोटं बोलल्याची शिक्षा इतकी लगेच मिळते हे चांगलं आहे.

१५ जानेवारी, संक्रांत

तलावावर बाजार भरल्यासारखी गर्दी. आमटोल्याच्या आणि आजूबाजूच्या बायका भाचीला वाण द्यायला आलेल्या. दगडाला हिरवं लुगडं, ओटी, तिळगूळ. सरपंच रीनाताई स्वतः हजर. वय तिशीचं, चटपटीत, गावासाठी काही करावं असं मनापासून वाटणारी बाई. म्हणाली, काका, तुमच्यामुळे गावाचं नाव झालं. आता इथे बगिचा करू, पायऱ्या करू, होडी आणू. मला बरं वाटलं. खरं लिहायचं तर छाती फुगली.

परतताना एक माणूस पाळीच्या टोकावर दिसला. जाळं गुंडाळून खांद्यावर, बाजूला ओली टोपली. इश्वर, ढिवरांच्या मासेमारी संस्थेचा अध्यक्ष. माझ्या बसने तुमसरच्या बाजारात मासे न्यायचा. टोपलीचा वास येतो म्हणून लोक ओरडायचे आणि मी त्याला मागच्या दाराशी जागा करून द्यायचो. मी हात केला. त्यानेही केला, पण जवळ आला नाही. दमलेला असेल.

१९ जानेवारी, गुरुवार

इश्वर घरी आला होता. पाणीसुद्धा घेईना. बसल्यावर बराच वेळ आढ्याकडे पाहत होता.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव येणार आहे. भाचीचा तलाव पवित्र, त्यात जाळं टाकायचं नाही, जीव मारायचा नाही. ढिवरांची बत्तीस घरं या एका तलावावर आहेत. त्यांचा ठेका मार्चमध्ये संपतो. ग्रामसभेने नको म्हटलं की पुढचा मिळणं कठीण. संक्रांतीला बायकांनी त्याच्या पोरांना जाळं काढायला लावलं, देवीच्या पाण्यात हात घालू नका म्हणून. म्हणून तो लांब उभा होता. आणि मी दमला असेल असं लिहून ठेवलं होतं.

म्हणाला, “साहेब, आमच्या आज्यापंज्यानं हे नाई सांगतलं कधी. मामा नाई, भाची नाई. तुमाले कुठून भेटली जी हे गोष्ट?”

मी म्हटलं, मी रचली. कंटाळा आला होता म्हणून.

त्याला राग यायला हवा होता. तो नुसता म्हणाला, “कंटाया आला म्हून.” आणि पुन्हा आढ्याकडे पाहायला लागला. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. एकदा तिकिटाचा हिशेब चुकून चौकशी लागली होती, तेव्हाही नाही. त्याला सांगितलं, ग्रामसभेत येतो आणि सगळ्यांसमोर खरं काय ते सांगतो.

२२ जानेवारी, रविवार

मोतीलालला सांगितलं. वाटलं होतं चिडेल. तो पदराचा काठ तपासावा तसा शर्टाची बाही चाचपत बसला. मग म्हणाला, सांगा भाऊ, पण मग सहल संपली असं समजा. लबाड गाइडच्या गाडीत कोण बसणार? मी म्हटलं, बत्तीस घरं आहेत. तो म्हणाला, मी नाही कुठे म्हणतोय.

आजची सहल केली. गोष्ट सांगितली नाही, आवाज बसला आहे असं सांगितलं. तर आमटोल्याच्या एका पोरीने पुढे होऊन ती सांगितली. माझ्यापेक्षा चांगली. तिच्या गोष्टीत मामा शेवटी पाण्यात उतरतो आणि दिसेनासा होतो.

२४ जानेवारी

खरं सांगायचं आहे म्हणून बरं वाटतंय. बोलायचं कागदावर लिहून काढलं, एका पानात बसलं. करुणा म्हणाली, कागद नेऊ नका, कागद पाहून लोक झोपतात.

२६ जानेवारी, गुरुवार

झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या पटांगणात ग्रामसभा. दोनशे माणूस तरी असेल. एका बाजूला ढिवर, उकिडवे बसलेले, इश्वर पुढे. रीनाताईंनी ठराव वाचला आणि म्हणाल्या, गोष्ट ज्यांनी जगापुढे आणली ते काकाच आले आहेत, तेच दोन शब्द बोलतील. टाळ्या वाजल्या.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, ही गोष्ट खोटी आहे. मी चार डिसेंबरला रचली. मामा म्हणजे माजी मालगुजारी. माजीचा मा, मालगुजारीचा मा. भाची नव्हती. होते ते खणणारे, आणि पुढे दुष्काळात माती वाहणाऱ्या बाया. त्यात माझी माय होती. या पाण्यात पूर्वीपासून मासे धरतात, धरू द्या.

वाटलं, झालं. मग कोणीतरी हसलं. मग बरेच हसले. वाईट हसणं नव्हतं, घरातल्या म्हाताऱ्याला हसतात तसं. रीनाताई समजुतीने म्हणाल्या, काका, तुम्हाला ढिवरांची दया आली, तुमचं मन मोठं आहे, पण त्यासाठी देवीला खोटं म्हणू नका.

मनकर्णाबाई काठी टेकून उठल्या. म्हणाल्या, “तू कालचा आलेला. तुले का मालूम? माह्या आजीनं मले सांगतलं. भाचीचं नाव सरसोता होतं. आमच्याच घरची सून होती ते.” आणि रडायला लागल्या. खोटं रडणं नव्हतं ते. मी कधीच ठेवलं नव्हतं ते नाव आता भाचीला मिळालं. बायांनी हात जोडले.

मी म्हटलं, आजी, तुमच्या आजीने दुसरं काही सांगितलं असेल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खालीच बसलो. कागदपत्रं पाहा म्हणालो, ते कोणी ऐकलं नाही. रीनाताई हात वर करायला सांगणार, एवढ्यात इश्वर माझ्याजवळ सरकला. कानाशी येऊन म्हणाला, “खरं सांगून झालं साहेब. त्यानं कोणाचं पोट नाई भरत. आता आमच्या कामाचं सांगा.”

आधी कळलंच नाही. मग कळलं.

दोन मिनिटं लागली असतील. पुन्हा उभा राहिलो. म्हटलं, बरं, मी हरलो. गोष्ट खरी आहे. पण मी तुम्हाला पूर्ण सांगितलेली नाही. शेवट लपवला, कारण पाहुण्यांना मासळीचं नाव आवडत नाही.

झेंड्याची दोरी खांबावर आपटताना ऐकू येत होती.

म्हटलं, तलाव भरला तेव्हा मामा गावोगाव फिरला, पण त्या पाण्यात उतरायला कोणी तयार होईना. नवं पाणी, त्याचा भरवसा काय? एक ढिवर उतरला. त्याने पहिली मरळ धरली आणि भाचीच्या पदरात टाकली. म्हणाला, बाई, पाणी गोड आहे. भाची म्हणाली, तुझ्या भरवशावर माझं गाव पाणी प्यालं. जोवर तुझ्या घरचं जाळं या पाण्यात पडेल तोवर पाणी आटणार नाही. ज्या वर्षी जाळं पडणार नाही, त्या वर्षी मी माहेरी निघून जाईन.

मनकर्णाबाईंनी मान डोलावली. म्हणाल्या, हो, हो, माहेरी जाईन म्हणाली होती, आजी सांगायची.

ठराव बदलला. संक्रांतीच्या दिवशी जाळं नाही, बाकी वर्षभर ढिवरांचा हक्क. सगळे हात वर झाले. ढिवरांचे सगळ्यांत शेवटी झाले, कारण त्यांचा अजून विश्वास बसत नव्हता. मी मोजले नाहीत. एकतीस वर्षांत माणसं न मोजता पहिल्यांदाच निघालो असेन.

गाडीत मोतीलाल म्हणाला, भाऊ, सहल वाचली. मी डोळे मिटून घेतले.

२७ जानेवारी

दिवसभर पडून. ठरवलं, मोतीलालला नकार द्यायचा. गुडघा आहे, वय आहे, कारणं पुरेशी आहेत. खरं कारण असं की त्या दगडासमोर पुन्हा तोंड उघडायची हिंमत नाही. एकदा कंटाळ्याने खोटं बोललो, एकदा शुद्धीवर. दुसरं जास्त जड वाटतंय. आणि खरं बोललो त्याचं ओझंही उतरलेलं नाही, ते तर कोणी घेतलंच नाही.

२८ जानेवारी, शनिवार

संध्याकाळी इश्वर आला. हातात पळसाच्या पानात बांधलेली मरळ, चांगली हातभर. या वेळी पाणी प्याला, चहाही प्याला. करुणाशी मुलाबाळांचं बोलला. जायला उठला आणि पुन्हा बसला.

म्हणाला, रविवारी तुम्ही येणार ना? मी सांगितलं, सहल सोडतो आहे. त्याचा चेहरा एकदम उतरला. म्हणाला, “असं नोका करू जी. तुमी सांगत राह्यले नाई तं लोक भाचीले ध्यानात ठेवतीन आन् ढिवराले इसरतीन. त्या पोरीनं काल सांगतली, तं मरळ गाळूनच टाकली तिनं.”

बत्तीस घरं. आता ती माझ्या जिभेवर आली आहेत आणि जीभ हलत राहिली पाहिजे, दर रविवारी, गुडघा असो नसो.

मग त्याने मान खाली घातली आणि दबक्या आवाजात विचारलं, “त्या ढिवराचं नाव का होतं जी?”

मी त्याच्याकडे पाहिलं. ही गोष्ट कुठून आली हे त्याच्याइतकं कोणाला माहीत आहे? त्यानेच तर कानात सांगून उभी करवली. तरी विचारत होता, आणि लहान मुलासारखा उत्तराची वाट पाहत होता. मी विचारलं, तुझ्या आजोबांचं नाव काय होतं?

“झिंगर.”

म्हटलं, झिंगरच होतं.

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. करुणा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि परत गेली. मग त्याने तोंड पुसलं. म्हणाला, “असनच जी. माहा आजा कोणत्याई पान्यात पयले उतरे.”

मोतीलालला फोन केला, उद्या साडेसहाला गाडी आण. इश्वर चपला घालत होता. दारातून मागे वळला आणि म्हणाला, “आन् साहेब, पुन्हा कधी खरं नोका सांगू जी.”

मी नाही सांगणार म्हणालो.